मागच्या तारखेची वॉटर स्कूटर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण सातपूरच्या एका फिटरने "घेऊ की नको" असं विचारायला माझ्याकडे आणलेला जुन्या वॉटर स्कूटरचा सौदा काही डोक्यातून जात नाही. त्याचा विषय निघाला की अजून माझा आवाज चढतो आणि घरचे लोक चहाचं विचारून बोलणं दुसरीकडे वळवतात. दिसायला सौदा साधा होता. वस्तू स्वस्त, घेणारा गरजू, देणारा मोठा माणूस. पण त्या फिटरने समोरच्या कागदावर एक सही केली असती तर एका माणसाच्या मरणाचा गुन्हा त्याच्या डोक्यावर बसला असता आणि तो आयुष्यातून उठला असता. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्यांची लिहायला हवीत त्यांचे वकील अजून हयात आहेत. बाकीच्यांनी पुष्कळ सोसलंय.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. मी नाशिकजवळच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गंगापूर रोडने शहराबाहेर पडलं की पुढे धरणाचा फुगवटा लागतो, त्याचा एक तुकडा आमच्या हद्दीत यायचा. काठाने तेव्हा फार्महाऊस उगवायला लागली होती. कुंपण, हिरवळ, दारात कुत्रा आणि रविवारी दहा-बारा गाड्या. त्याच पाण्याच्या दुसऱ्या अंगाला डोंगराकडच्या वाड्या होत्या. भात आणि नागली पिकवणारी, पाणी भरलं की मासे धरणारी जुनी माणसं. त्यांच्याकडे होडी नसते. ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवतात, तिच्यावर फळी बांधतात आणि त्यावर बसून हाताने पाणी मागे सारत जाळं टाकतात. एकाच पाण्यावर ही दोन जगं होती आणि आमच्या ठाण्यात पहिल्या जगाला खुर्ची मिळायची, दुसऱ्याला बाहेरचा बाक.

त्या वर्षी नवरात्रात वाडीतल्या एका माणसाचं प्रेत काठाला लागलं. वय चाळिशीच्या आतलं. बीट हवालदाराने पंचनामा केला, मी स्वतः जागेवर जाऊन आलो. ट्यूब फुटलेली होती. खांद्याचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. काठावर त्याचे कपडे व्यवस्थित घडी करून ठेवलेले आणि शेजारी इंग्लिश दारूची अर्धी बाटली. झालं. पिऊन पाण्यात उतरला, ट्यूब फुटली, खडकावर आपटला, बुडाला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. व्हिसेरा तपासणीला गेला, कारण तो पाठवावाच लागतो. अहवाल यायचा तेव्हा येईल, पण माझ्या डोक्यात प्रकरण तिथेच मिटलं होतं.

त्याची बायको मात्र तिथून हलायला तयार नव्हती. रडत नव्हती. माझ्यासमोर उभी राहून एकच गोष्ट परत परत सांगत होती.

"माझा माणूस पीत नव्हता सायब. वास आला तरी उठून जायचा. आन् त्याचं जाळं कुठं हाय? निम्मं जाळं नाय इथं."

"गेलं असेल वाहून," मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो होतो. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. ती बाटली जरा हातात घेऊन पाहिली असती तरी पुरे होतं. ज्या माणसाच्या अंगावर धड सदरा नव्हता, तो असली बाटली कुठून आणणार होता? त्या वाडीत कुणाच्या सात पिढ्यांत तसली बाटली आली नसेल. मी इतकी वर्षं पोलीस खात्यात होतो आणि मला हे दिसलं नाही, कारण मला ते पाहायचं नव्हतं. बंदोबस्ताचे दिवस होते आणि मला लवकर परत जायचं होतं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळची हजेरी संपली होती, मी केबिनमध्ये टपाल बघत होतो. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, एक माणूस तासाभरापासून बसलाय. तक्रार नाही म्हणतो. तुम्हाला काहीतरी विचारायचंय म्हणतो."

तक्रार नाही आणि विचारायचंय, असली माणसं पोलीस ठाण्यात फार येत नाहीत. आत पाठवायला सांगितलं. पंचेचाळीसच्या आसपासचा माणूस. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पण नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ, ती साबणाने जात नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"जय भीम साहेब. सातपूरला कंपनीत आहे. फिटर."

"जय भीम. बोला."

"एक सेकंडहँड वॉटर स्कूटर मिळतेय. पाण्यावर चालते ती. तुमच्या हद्दीतल्या फार्महाऊसवर आहे. घेऊ की नको, तेवढं सांगा."

माझं डोकं फिरलं. "मी काय तुम्हाला गाड्यांचा दलाल वाटलो का? घ्यायची तर घ्या."

"रागावू नका साहेब. फार स्वस्त देतायत. निम्म्याच्याही निम्म्या किमतीत. म्हणून भीती वाटते. चोरीची नाही ना, एवढंच बघून सांगा. हिला आरटीओचं पासिंग नसतं, नंबर नसतो, आरसी बुक नसतं. मालक कोण हे फक्त सौद्याच्या कागदावर कळतं."

त्याची हकीकत अशी होती. सुट्टीच्या दिवशी तो फार्महाऊसवाल्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. कंपनी बंद पडणार अशी कुजबुज होती, म्हणून पुढची सोय बघत होता. धरणावर रविवारी येणाऱ्या लोकांना पाण्यात चक्कर मारून आणायची, रीतसर परवानगी काढून, असा त्याचा विचार. एका बड्या बांधकामवाल्याच्या फार्महाऊसच्या मॅनेजरने त्याला आपणहून विचारलं होतं. तुझ्यासारख्या कारागिराच्या हातात मशीन राहील, म्हणाला. बायकोचा मात्र साफ नकार होता.

"ती म्हणते, मोठी माणसं आपल्याला स्वस्तात काही देत नसतात."

"बरोबर म्हणते. पिशवीत काय आहे?"

त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. नायलॉनच्या बारीक दोऱ्याचा गुंता आणि त्यात अडकलेले निळ्या रबराचे पाच तुकडे.

"जुनं मशीन घ्यायचं तर आम्ही आधी खाली झोपतो साहेब. वरून सगळेच पॉलिश करतात. हिला पाण्यात चालवून पाहिली तर आवाज फाटका येत होता. ट्रेलरवर चढवून खालून बघितलं. पाणी ओढणारा जो पंखा असतो, त्याच्या दांड्याला हे आवळून बसलेलं. तासभर गेला काढायला. जाळं आहे हे, वाडीतल्या लोकांचं. मी मशीन घेतलं आणि उद्या त्यांनी जाळ्याची भरपाई माझ्याकडे मागितली तर?"

मी त्या गुंत्याकडे पाहत राहिलो. 'निम्मं जाळं नाय इथं' हे शब्द मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या परत ऐकू आले.

"मॅनेजरला सांगितलंत हे काढलं म्हणून?"

"नाही. ते जेवायला गेले होते."

"आणखी काही खटकलं?"

तो घुटमळला. "कागदावर तारीख मागची टाकायची म्हणतात. टॅक्सचं काहीतरी आहे म्हणे. आमच्यात जॉब कार्डावर मागची तारीख टाकली की मेमो हातात पडतो. वीस वर्षांत मी कधी टाकली नाही. पण ते मोठे लोक, त्यांना कायदा जास्त कळत असेल."

"मागची म्हणजे कधीची?"

"घटस्थापनेच्या आधीची. मशीन तेव्हाच माझ्या ताब्यात दिलं असं लिहिणार आहेत."

भिंतीवर कॅलेंडर होतं. मी उठून बोट ठेवून दिवस मोजले. वाडीतला माणूस मेला त्याच्या चार दिवस आधीची तारीख होती ती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती माझ्याच विरुद्ध जाते. त्या बाईने वाडीतल्या शाळामास्तरकडून एक अर्ज लिहून घेतला होता आणि कलेक्टर कचेरीत दिला होता. 'माझ्या नवऱ्याला फार्महाऊसच्या पाण्यातल्या गाडीने मारलं' असा. तो चौकशीसाठी माझ्याकडेच आला होता आणि टेबलावरच्या गठ्ठ्यात आठ दिवस पडून होता. तो मी त्या सकाळी पहिल्यांदा उघडला. पण मोठ्या लोकांना आपल्याविरुद्धच्या अर्जाची बातमी अर्ज पोचण्याआधी लागते. अर्जावरून उद्या चौकशी झालीच, तर गाडी आधीच विकली होती, अमुक फिटरच्या ताब्यात होती, हा बघा स्टॅम्प पेपर, असं दाखवायची तयारी चालली होती. वस्तू स्वस्त नव्हतीच. पाव किंमत रोखीने घ्यायची आणि बाकीची त्याच्या गळ्यात फास अडकवून वसूल करायची, असा तो हिशेब होता. हे ध्यानात आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फिटरला लगेच सगळं सांगितलं नाही. त्या दोऱ्याचा रीतसर पंचनामा केला, जबाब घेतला आणि म्हणालो, "सौदा मोडू नका. सहीही करू नका. कागद रविवारी करू म्हणून कळवा."

दुपारी दोन पंच घेऊन वाडीवर गेलो. वाटेत दुसऱ्या दोन वाड्यांमधून जुन्या जाळ्यांचे तसलेच रबराचे तुकडे मागून घेतले होते. जाळं तरंगतं राहावं म्हणून हे लोक जुन्या रबरी चपला कापून लावतात. सगळे तुकडे एका घमेल्यात मिसळून त्या बाईसमोर ठेवले. ती नागली झोडपत होती. हात पुसून खाली बसली आणि वीस-बावीस तुकड्यांतून पाच बाजूला काढले. तेच पाच.

"कशावरून?" मी विचारलं.

तिने तुकडा उलटा करून दाखवला. मागे दोन काळे डाग होते, शेजारी शेजारी.

"विळा तापवून मीच दिलेत. हरेक घराची खूण येगळी असती. कुनाचा एक डाग, कुनाची फुली. दुसऱ्याचं जाळं कुनी उचलू नाय म्हून. ही माझी चप्पल हाय सायब, टाच झिजली म्हून कापली." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "पिऊन बुडाला असं तुमीच लिवलं व्हतं ना?"

"हो. मीच."

ती उठून परत नागली झोडपायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पंचांसमोर मला मान खाली घालावी लागली आणि ते योग्यच होतं.

शनिवारी फिटरला त्याच्या घरी जाऊन भेटलो, साध्या कपड्यांत. त्याची बायको आतून ऐकत होती. त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्या मशीनखाली माणूस गेलाय असा आमचा संशय आहे, आणि तुम्ही सही केलीत की त्या दिवशी मशीन तुमचं होतं असं ठरतं.

"मी सरळ नाही म्हणून सांगतो त्यांना. मला नको मशीन आणि नको ती भानगड. माझं नाव कशाला यात?"

"तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसरा फिटर शोधतील. तो खाली झोपून बघेलच असं नाही."

माझं बोलणं त्याला पटलं होतं की नाही, कोण जाणे. पण आतून बायको बाहेर आली आणि म्हणाली, "जावा. पण पेन घरी ठेवून जावा." त्याने खिशातलं पेन काढून खरंच तिच्या हातात दिलं.

रविवारी अकराच्या सुमारास तो फार्महाऊसवर गेला. कागद हातात आल्यावर त्याने काय करायचं हे ठरलं होतं. सही लांबवायची आणि आम्ही पोचेपर्यंत कागद खाली ठेवायचा नाही. पुढचं त्याचं स्वतःचं डोकं. कंपनीत ड्रॉइंग वाचतात तसा त्याने तो कागद एकेक ओळ मोठ्याने वाचायला घेतला. हा शब्द काय, इथे 'सुस्थितीत' लिहिलंय ते कुणी तपासलं, ताबा दिल्याची वेळ संध्याकाळी पाचच का. मॅनेजर वैतागला होता. आम्ही दोन पंचांसह आत शिरलो तेव्हा फिटर तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपासून वाचत होता.

कागद ताब्यात घेतला. जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर. कुठल्यातरी विक्रेत्याने मागच्या तारखेने काढून दिलेला, तेव्हा असे पेपर चहासारखे मिळायचे. खाली मालकाची सही झालेली होती. मला संताप आला तो दोन साक्षीदारांच्या सह्या बघून. त्याही आधीच झालेल्या. घेणाऱ्याने अजून पेन हातात घेतलं नव्हतं आणि 'आमच्यासमक्ष सही केली' असं लिहून दोन प्रतिष्ठित गृहस्थ मोकळे झाले होते. एकजण शाळेच्या संस्थेवर होता. नंतर जबाबात म्हणाला, "साहेब, नेहमीचे संबंध आहेत, वाचून कोण बघतं?" असल्या माणसाला समाजात मान असतो, हेच मला सहन होत नाही.

मशीनला नवा रंग दिला होता, मेण लावून चकचकीत केलं होतं. जप्त करून ठाण्यात आणलं.

मॅनेजरची चौकशी सोमवारी सकाळी सुरू केली. लोकांना वाटतं चौकशी म्हणजे पट्टा आणि अंधारी खोली. मी खिडकीजवळ टेबल ठेवायचो आणि चहा द्यायचो. माणूस खोटं बोलतोय हे मला एका गोष्टीवरून कळायचं. त्याला दिवसाबद्दल विचारलं की तो वस्तूबद्दल बोलायला लागतो.

"ताबा कधी दिला?"

"साहेब, मशीन एक नंबर आहे. बाहेरून मागवलेलं."

"ताबा कधी दिला?"

"कागदात आहे ना तारीख. संध्याकाळी पाच वाजता, फार्महाऊसवर. घेऊन गेला तो. पुढे त्याने काय केलं ते आम्हाला काय माहीत?"

हे 'पुढे त्याने काय केलं' मी विचारलंच नव्हतं. न विचारता उत्तर दिलं की समजायचं, घोकून आलाय.

मी ड्रॉवरमधून फिटरची कंपनीतली पंच कार्डं काढून टेबलावर ठेवली. हजेरीच्या यंत्रात घालून वेळ छापून घेतात ती जाड कार्डं. कंपनीच्या टाइम ऑफिसमधून रीतसर पत्र देऊन आणली होती. कागदावरच्या त्या तारखेला फिटर सेकंड शिफ्टला होता. दुपारी साडेतीनच्या आत कंपनीत शिरला होता आणि शिफ्ट सुटल्यावरच बाहेर पडला होता. ज्या संध्याकाळी वाडीतला माणूस मेला, त्या संध्याकाळीही तो कंपनीतच होता.

"पाच वाजता हा सातपूरला मशीनवर उभा होता. तुम्ही ताबा कुणाला दिला?"

"मग सकाळी दिला असेल."

"कागदात संध्याकाळ लिहिलीय. तुमचंच अक्षर आहे."

"चुकून लिहिलं असेल साहेब."

"तारीखही चुकून? साक्षीदारही चुकून? तुमच्या मालकाची सहीही चुकून झाली का?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाणी मागितलं. मग मालकावर येऊन थांबला. "मी नोकर माणूस. मला सांगितलं तसं केलं." पुढचा अर्धा तास मी फक्त ऐकत होतो.

गाडी मालकाचा पुतण्या चालवत होता. चोवीस-पंचवीसचा घोडा. संध्याकाळी, दिवस मावळताना, मित्रांना आपला वेग दाखवत होता. ट्यूबवर बसून जाळं टाकणारा माणूस त्याला दिसला नाही म्हणे. धडक बसली, जाळं खाली पंख्यात ओढलं गेलं. पण गाडी बंद पडली नाही. पुतण्याने वळून एक फेरी मारली. आणि इथपर्यंत आल्यावर मॅनेजर थांबला.

"काय दिसलं त्याला?"

"हात वर केला होता म्हणे त्याने. ओरडत होता."

"मग?"

"मग हा घाबरून परत आला. काकांना सांगितलं. काका म्हणाले, ते लोक पाण्यातलेच असतात, येईल पोहून बाहेर."

खांद्याचं हाड मोडलेला माणूस पोहून येणार होता. काठावर पाच धडधाकट तरुण होते, गाडी चालू होती, दोरी होती, टॉर्च होते. पाच मिनिटांचं काम होतं. ते हिरवळीवर बसून राहिले. पहाटे काकांनी मॅनेजरला पाठवलं. त्याने पलीकडे जाऊन त्या माणसाचे कपडे शोधले आणि शेजारी आदल्या रात्रीच्या मेजवानीतली अर्धी बाटली ठेवली. उरलेलं जाळं कापून, दगड बांधून, फार्महाऊसच्या मागच्या विहिरीत टाकलं. मेलेल्या माणसाला दारुडा ठरवायला त्यांना एक बाटली पुरली, आणि मी ती त्यांच्यासाठी पंचनाम्यात लिहून घेतली.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून मॅनेजरने दाखवलेल्या विहिरीतून पंचांसमोर जाळं वर काढलं. दगड बांधलेलाच होता. रबराच्या तुकड्यांवर मागे दोन डाग, शेजारी शेजारी. दोऱ्याचं कापलेलं टोक आणि पंख्यातून निघालेलं टोक प्रयोगशाळेने जुळवून दिलं. पुढे व्हिसेराचा अहवाल आला. पोटात दारूचा थेंब नव्हता.

मालक वकील घेऊन आला. बसता बसता म्हणाला, "इन्स्पेक्टर साहेब, तो काय ठरवून मारायला गेला होता का? पोरगं आहे. त्या बाईला काय हवं ते विचारा, आपण मागे नाही हटणार."

"आणि फिटरला?"

"कोण फिटर?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्याला बळीचा बकरा करायला निघाला होता त्या माणसाचा धंदासुद्धा त्याच्या लक्षात राहिला नव्हता. मी खुर्चीतून उठलो आणि त्याला सांगितलं की आता उभं राहूनच बोला. वकील काहीतरी कलम सांगायला लागला, त्यालाही बाहेर बसवलं. हे नियमात बसत नव्हतं, पण त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

मग फोन सुरू झाले. एका पुढाऱ्याने मला समजावलं की एवढं ताणण्यात अर्थ नाही, धरणावर पर्यटन वाढायचंय. मी त्यांना म्हणालो, माझं म्हणणं स्टेशन डायरीत नोंदवतो, तुमचंही नोंदवू का? फोन बंद झाले. तीन महिन्यांत माझी बदली झाली, पण तोवर दोषारोपपत्र कोर्टात गेलं होतं. निकालाला बरीच वर्षं लागली. पुतण्याला, मॅनेजरला आणि मालकाला शिक्षा झाली. ती ऐकून त्या दिवशी मी जेवलो नाही, इतकी ती कमी होती. मालक अपिलात सुटला. साक्षीदार गृहस्थांना कुणी हातही लावला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांच्या वर्गात एकदा विचारलं गेलं. मी सांगितलं, प्रेताजवळची वस्तू त्या माणसाची आहे का, हे आधी त्याच्या घरच्यांना विचारा. गरीब माणूस सौद्याला घाबरत असेल तर त्याला हसू नका, त्याला मशीनच्या खालची बाजू ठाऊक असते. टाळ्या पडल्या. पण ही सगळी व्याख्यानाची वाक्यं झाली. खरी गोष्ट मी तिथे सांगितली नाही.

दोषारोपपत्र गेल्यानंतर फिटर एकदा भेटायला आला होता. सेकंड शिफ्टला जाता जाता. त्याने ते मशीन अर्थातच घेतलं नाही, दुसरंही घेतलं नाही. पंपदुरुस्तीचं छोटं दुकान टाकायचं चाललं होतं. चहा प्यायलो. निघताना दारात थांबला.

"साहेब, एक विचारू? खरं सांगा."

"विचारा."

"मी खाली झोपून बघितलं नसतं आणि सही केली असती. मग तो अर्ज उघडून तुम्ही माझ्या दारात आला असता. मी म्हणालो असतो, तारीख मागची आहे, त्या दिवशी मी कंपनीत होतो. तुम्ही माझी कार्डं मागवायला गेला असता का?"

हो म्हणणं सोपं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण समोर एक माणूस उभा होता, ज्याच्या गळ्यातून फास नुकताच निघाला होता, आणि त्याने मला खरं विचारलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "स्टॅम्प पेपर होता, तुमची सही होती, दोन साक्षीदार होते आणि बोलणारा मोठा माणूस होता. मी तुम्हाला आत टाकलं असतं."

त्याने मान डोलावली. "मलाही तसंच वाटलं होतं," एवढंच म्हणाला आणि स्कूटरला किक मारून सातपूरकडे निघून गेला.